फुकटची दुरुस्ती परत का येते?



गेल्या महिन्यात लागणीची नोंद करण्यासाठी शेतकी ऑफिसात आलेले एक जुने सभासद काम झाल्यावर जरा टेकले. चहा आला. बोलता बोलता त्यांनी मनातली सल बाहेर काढली. म्हणाले, "साहेब, आमचा नातू कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला हाय. जगभरची माणसं मिळून कसलंसं सॉफ्टवेअर फुकट करत्यात म्हणे. त्यात त्यानं एक चूक धरली. पंधरा दिवस जागून दुरुस्त केली. एक रुपाया मागितला नाही. आणि पाठवली, तर तिकडनं उत्तर आलं, अशी चालणार नाही म्हणून. फुकट दिलेलं काम परत करणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय. खेड्यातलं पोर म्हणून तर नसंल?"

नातवाला आलेले पत्र त्यांनी फोनवर दाखवले. पत्र सात-आठ ओळींचे होते आणि त्यात तीन प्रश्न विचारलेले होते. नातवाने मात्र ते वाचून संगणक मिटवला आणि पुन्हा त्या वाटेला जाणार नाही, असे घरी जाहीर केले.

ते तीन प्रश्न कोणते, हे लेखाच्या शेवटी सांगू. आधी या कामाची रीत समजून घेऊ, म्हणजे प्रश्न आपोआप उलगडतील. आज आपल्या गावोगावची मुले-मुली संगणक शिकत आहेत. अशा एका पत्राने त्यांतले कोणी कायमचे गप्प बसत असेल, तर नुकसान त्यांचे आहे आणि कामाचेही आहे. म्हणून हा लेख.

हे सॉफ्टवेअर कोणाचे?

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी, कोणालाही वाचता येतात, बदलता येतात आणि पुढे वाटता येतात, त्याला ओपन सोर्स म्हणतात. या जातीचे सर्वांत मोठे आणि नावाजलेले काम म्हणजे लिनक्स. आपण उदाहरणाला तेच घेऊ.

ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर असे काही लिहीत आहोत, असे संगणकाच्या जाळ्यावर जाहीर केले आणि लोकांच्या सूचना मागवल्या. १९९२ मध्ये त्याने ते अशा परवान्याखाली आणले की, जो कोणी त्यात बदल करून पुढे वाटेल, त्याने आपला बदलही सर्वांना खुला केला पाहिजे. तेव्हापासून जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मशिनचे भाग आणि वरचे प्रोग्रॅम यांच्या मधला हा कारभारी. आज त्याच्या ओळी तीन कोटींहून अधिक झाल्या आहेत.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या खिशात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या बुडाशी हाच लिनक्स कर्नल आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लिनक्समधील बहुतेक बदल आज निरनिराळ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर पाठवतात. ते निव्वळ हौशी मंडळींचे काम राहिलेले नाही. परंतु कंपनी कितीही मोठी असो, तिचा बदल घेतलाच पाहिजे, असे कोणावर बंधन नाही. मोठ्या कंपनीचा इंजिनिअर असो की कॉलेजचा पोरगा, दोघांचेही काम त्याच चाळणीतून जाते. याशिवाय लिनक्सच्या भोवती हजारो लहान प्रकल्प आहेत. त्यांतले कित्येक खरोखरच एका-दोघांनी रात्री घरी बसून, बिनपगारी चालवलेले असतात.

फुकट घेतलेलेही सांभाळावे लागते

आता मूळ प्रश्न. फुकट दिलेली दुरुस्ती लोक का घेत नाहीत?

कोणी आपल्या दारात फुकट खोंड आणून बांधला, तर आपण काय करतो? लगेच हात जोडून घेतो का? नाही. आधी त्याचे दात बघतो, चाल बघतो, मारका आहे का ते विचारतो. कारण देणारा दावे हातात देऊन निघून जातो. उद्यापासून वैरण आपल्याला घालायची, दावण आपली अडणार, आणि त्याने कोणाला शिंग मारले तर भांडण आपल्या दारात येणार.

प्रोग्रॅममधील दुरुस्तीचेही तसेच आहे. या दुरुस्तीला त्या मंडळींच्या भाषेत पॅच म्हणतात. पॅच म्हणजे "या या ओळी काढा, त्यांच्या जागी या ओळी घाला" असा नेमका उतारा. तो पाठवायला एक मिनिट लागते. पण एकदा आत घेतला की तो वर्षानुवर्षे तेथे राहतो. त्याच्यामुळे पुढे काही बिघडले, तर तक्रार पॅच देणाऱ्याकडे जात नाही. तो तोवर शिक्षण संपवून दुसऱ्या कामाला लागलेला असतो. तक्रार जाते त्या भागाची राखण करणाऱ्या माणसाकडे. या राखणदाराला मेंटेनर म्हणतात.

म्हणून मेंटेनरच्या मनात पहिला प्रश्न "हा मुलगा हुशार आहे का?" हा नसतो. "दोन वर्षांनी हा मुलगा नसेल तेव्हा या ओळी मला कळतील का, आणि त्या मला सांभाळता येतील का?" हा असतो. पॅच स्वीकारण्याचे सगळे नियम, अगदी चमत्कारिक वाटणारेसुद्धा, या एका प्रश्नातून निघालेले आहेत. एवढे ध्यानात ठेवले, तरी निम्मा लेख वाचल्यासारखा आहे.

पॅच कोणाच्या हातून जातो?

उसाची नोंद करायची तर आपण कागद घेऊन थेट चेअरमनसाहेबांच्या टेबलाशी जात नाही. चिटबॉय येतो, गट ऑफिस आहे, ओव्हरसिअर आहे, मग शेतकी अधिकारी. लिनक्समध्येही अशीच उतरंड आहे. कोणत्या भागाचा राखणदार कोण, याची एक मोठी यादी त्या प्रोग्रॅमच्या सोबतच ठेवलेली असते. आपण बदललेली ओळ कोणाच्या ताब्यातली आहे, हे शोधून देणारे एक छोटे साधनही सोबत मिळते. पॅच ई-मेलने त्या राखणदाराला आणि त्या विषयाच्या सार्वजनिक टपाल यादीवर एकाच वेळी पाठवायचा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चर्चा होते. पटले की तो राखणदार आपल्या संग्रहात घेतो, तेथून तो वरच्याकडे जातो आणि शेवटी टोरवाल्ड्स यांच्याकडे पोहोचतो.

वेळापत्रकही ठरलेले आहे. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत नवे बदल वरच्या संग्रहात ओतले जातात. ही त्यांची सुगी. उरलेले सात-आठ आठवडे फक्त चुका काढायच्या, आणि दर आठवड्याला एक चाचणीची आवृत्ती सोडायची. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल जातात आणि ते दीड हजारांहून अधिक माणसांकडून आलेले असतात. म्हणजे रोजचे सव्वाशे-दीडशे तरी झाले. सुगीच्या त्या दोन आठवड्यांत कित्येक राखणदार नवे टपाल उघडतसुद्धा नाहीत. गाळप ऐन भरात असताना मिलच्या इंजिनिअरला गाठून नव्या कल्पना सांगायला गेल्यावर काय होईल, ते आपण जाणताच. पाठवलेल्या पॅचला उत्तर आले नाही, म्हणजे अपमान झाला असे नव्हे. बहुधा वेळ चुकलेली असते.

नवा बदल थेट सगळीकडे पेरत नाहीत. तो आधी "लिनक्स-नेक्स्ट" नावाच्या एका वेगळ्या संग्रहात इतरांच्या बदलांबरोबर मिसळून पाहतात. आपण नवी जात आली म्हणून सगळ्या शिवारात एकदम लावतो का? आधी बेणे मळ्यात बघतो. तसेच हे.

दोन ओळींचा एक पॅच

आता प्रत्यक्ष एक उदाहरण घेऊ. समजा, की-बोर्ड चालवणाऱ्या एका लहानशा भागात, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, एका विद्यार्थिनीला चूक दिसली. ड्रायव्हर सुरू होताना आधी कर्नलकडून थोडी मेमरी मागून घेतो. मग आपली नोंदणी करतो. नोंदणी झाली तर ठीक. पण काही कारणाने ती फसली, तर ड्रायव्हर "जमले नाही" असे सांगून निघून जातो आणि घेतलेली मेमरी परत करायला विसरतो. गोदामातून बारदान उचलले, ट्रॅक्टर आलाच नाही, आणि बारदान परत न ठेवता माणूस घरी गेला, तसा प्रकार. एकदा झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही. पण वारंवार झाले तर मशिन बंद करून सुरू करेपर्यंत ती जागा अडकून राहते.

दुरुस्ती सोपी आहे. निघून जाण्यापूर्वी मेमरी परत करणारी एक ओळ घालायची, आणि तिकडे वळवणारी एक. दोन ओळी. पाच मिनिटांचे काम. मग अवघड काय?

पहिली अडचण हात आवरण्याची. ती फाईल उघडल्यावर विद्यार्थिनीला दिसते की, आणखी एका ठिकाणी जागा वेड्यावाकड्या सोडल्या आहेत, एका चलाचे नाव बरोबर वाटत नाही, एक टीप जुनी झाली आहे. आलोच आहोत तर हेही करू, असे वाटते आणि दोन ओळींचा पॅच साठ ओळींचा होतो. असा पॅच हमखास परत येतो. कारण वाचणाऱ्याला साठ ओळींतून खऱ्या दोन ओळी शोधाव्या लागतात. शिवाय उद्या काही बिघडून तो बदल मागे घ्यायची वेळ आली, तर चांगल्याबरोबर वाईट आणि वाईटाबरोबर चांगले, सगळेच मागे जाते. म्हणून पक्का नियम असा की, एका पॅचमध्ये एकच गोष्ट. साफसफाई करायची असेल तर खुशाल करा, पण ती वेगळ्या पॅचमध्ये.

दुसरी अडचण वर्णनाची. नवखा माणूस वर्णनात लिहितो, "चूक दुरुस्त केली." एवढेच. कोणती चूक? कधी होते? कोणाला त्रास होतो? वाचणाऱ्याने काय समजावे? चांगले वर्णन मराठीत आणले तर साधारण असे दिसेल:

"की-बोर्ड ड्रायव्हर: नोंदणी फसल्यास मेमरी परत करा. ड्रायव्हर सुरू होताना मेमरी घेतो आणि नंतर नोंदणी करतो. नोंदणी फसली तर ती मेमरी परत न करताच बाहेर पडतो. त्यामुळे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक मेमरी अडकून राहते. बाहेर पडण्यापूर्वी ती परत करा. नोंदणी मुद्दाम फसवून वीस वेळा तपासले. आता मेमरी अडकत नाही."

बघा, यात पांडित्य काही नाही. आधी काय होते ते सांगितले, त्याने काय बिघडते ते सांगितले, मग उपाय आणि शेवटी तपासणी. संगणक न शिकलेल्या माणसालाही अर्थ लागावा. याखाली आणखी एक ओळ असते. ही चूक मुळात कोणत्या जुन्या बदलामुळे आत शिरली, त्या बदलाचा क्रमांक. जुन्या आवृत्त्या सांभाळणारी वेगळी मंडळी असतात. त्यांना या ओळीवरून कळते की ही दुरुस्ती कोणकोणत्या आवृत्त्यांना लावायला हवी.

तिसरी अडचण तपासणीची, आणि येथे बहुतेक मुले फसतात. आपल्या मशिनवर चालले म्हणजे झाले, असे त्यांना वाटते. लिनक्समध्ये सर्वांत कडक नियम असा आहे की, लोकांचे जे चालू आहे ते मोडता कामा नये. आपण आपल्या पोटचारीचे दार दुरुस्त केले आणि आपले पाणी नीट आले, पण टेलच्या शेतकऱ्याचे पाणी बंद झाले, तर त्याला दुरुस्ती म्हणायची का? तुमचा बदल शास्त्राच्या दृष्टीने कितीही बरोबर असला, तरी त्याच्यामुळे एखाद्याचा चालता प्रोग्रॅम बंद पडला, तर बदल मागे घेतात. म्हणून आपण काय काय तपासले हे लिहावे. जे तपासता आले नाही तेही सरळ लिहावे. "माझ्याकडे हे यंत्र नाही, फक्त प्रोग्रॅम बांधून पाहिला आहे," असे लिहिणाऱ्याला कोणी हसत नाही. तपासले नसून तपासले म्हणणाऱ्याचे नाव मात्र कायमचे खराब होते.

चौथी अडचण किरकोळ, पण डोकेदुखीची. पॅच साध्या मजकुरात पाठवावा लागतो. काही ई-मेलचे प्रोग्रॅम ओळी आपल्या मनाने मोडतात, मोकळ्या जागा बदलतात, आणि मग तो उतारा पलीकडच्या मशिनला लागूच होत नाही. त्यासाठी टोरवाल्ड्स यांनीच एप्रिल २००५ मध्ये सुरू केलेल्या गिट या साधनातून थेट पत्र पाठवायची सोय आहे. लिहिण्याची पद्धत नियमाप्रमाणे आहे की नाही हे तपासणारे साधनही सोबत असते. पाठवण्यापूर्वी पॅच स्वतःलाच एकदा पाठवून बघावा. वीस प्रकल्पांत वीस रीती असतात. पुष्कळ ठिकाणी ई-मेलऐवजी संकेतस्थळावर दुरुस्ती मांडावी लागते. ज्याच्या घरी जायचे त्याच्या घरची रीत आधी वाचावी, हे उत्तम.

परत आलेले पत्र कसे वाचावे?

आता मुख्य मुद्दा. पॅच पाठवला आणि उत्तर आले, "येथे असे का केले? हे वेगळे करा. पुन्हा पाठवा." आपल्याकडे अर्ज परत आला म्हणजे काम बारगळले, असा अनुभव. तेथे तसे नाही. जाणकार मंडळींचे पॅचसुद्धा तीन-तीन, पाच-पाच वेळा सुधारून जातात. दुसऱ्या खेपेला त्यावर "आवृत्ती दोन" असे लिहितात, तिसऱ्याला "आवृत्ती तीन". आधीच्यापेक्षा काय बदलले हे खाली थोडक्यात नोंदवतात. याचाच अर्थ असा की, परत येणे हे त्या रीतीतच धरलेले आहे.

उलट असे समजा की, रोज दीडशे पॅच येत असताना कोणी आपला पॅच ओळीनओळ वाचला आणि प्रश्न विचारले, म्हणजे त्याने आपल्यासाठी वेळ काढला. ज्याला पॅच नकोच असतो, तो बहुधा उत्तरच देत नाही.

उत्तर देताना प्रत्येक प्रश्नाच्या खाली त्याचे उत्तर लिहावे. सूचना पटली तर "बरोबर आहे, बदलतो" एवढे पुरे. पटली नाही तर कारण द्यावे, पण रागाने नाही. आठवडाभर उत्तर आले नाही, तर नम्रपणे एकदा आठवण द्यावी. रोज आठवण देऊ नये. तोड कधी येणार म्हणून चिटबॉयला दिवसातून दहा फोन केल्याने टोळी लवकर येते का?

खरे ते सांगायला हवे. तिकडची भाषा नेहमीच गोड नव्हती. टोरवाल्ड्स स्वतः फार कडक, कधी कधी अपमानकारक लिहीत असत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली. त्याच वेळी सगळ्यांसाठी वागणुकीचे नियम लागू झाले. तरीही इंग्रजी पत्रांत "नमस्कार, आपण कसे आहात" अशी प्रस्तावना नसते. तुटक उत्तर म्हणजे राग, असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा ती फक्त घाई असते.

आणि काही पॅच नाकारलेही जातात, कायमचे. कधी राखणदाराचे बरोबर असते, कधी चूकही असते. दुरुस्ती योग्य असून ती करण्याची वाट त्याला पटत नाही, असेही होते. मात्र नाकारले तरी हात बांधले जात नाहीत. तो प्रोग्रॅम खुला असल्याने आपली दुरुस्ती आपल्या मशिनवर लावून वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

सहीची किंमत

प्रत्येक पॅचच्या शेवटी देणाऱ्याने आपले नाव आणि ई-मेल लिहून सही केल्याची एक ओळ घालावी लागते. "साइन्ड-ऑफ-बाय" म्हणतात तिला. ही ओळ २००४ मध्ये आली. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत एस्सीओ नावाच्या कंपनीने आयबीएम कंपनीवर दावा लावला आणि आपला मजकूर लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप केला. कोणती ओळ कोणी दिली आणि ती देण्याचा त्याला हक्क होता का, याची नोंद हवी, हे तेव्हा सगळ्यांना पटले. ही सही म्हणजे पॅच देणाऱ्याचे लेखी वचन आहे की, हे देण्याचा मला अधिकार आहे. पॅच ज्या ज्या राखणदाराच्या हातून पुढे जातो, तोही खाली आपली सही जोडतो. वजनाच्या पावतीवर सह्या असतात म्हणूनच ना आपण ती जपून ठेवतो?

हा विश्वास मोडला की काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे. तेथील काही संशोधकांनी २०२० मध्ये मुद्दाम खोट असलेले पॅच, खोट्या नावांनी, लिनक्सच्या राखणदारांकडे पाठवले. ते पकडले जातात का, हे पाहण्यासाठी. एप्रिल २०२१ मध्ये या प्रकरणाचा भडका उडाला. ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ राखणदारांनी त्या विद्यापीठाकडून काहीही घेणे बंद केले आणि तेथून पूर्वी आलेले पॅच पुन्हा एकदा तपासायला काढले. त्यांतले बहुतेक चांगलेच निघाले. पण तपासणीत किती जणांचा वेळ गेला! संशोधकांना आपला निबंध मागे घ्यावा लागला. दोघा-तिघांनी केले आणि नाव सगळ्या विद्यापीठाचे गेले.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. एक्सझेड नावाचे, फाईल दाबून लहान करण्याचे एक साधन आहे. बहुतेक सगळ्या लिनक्स मशिनवर ते असते. ते सांभाळणारा माणूस एकटा आणि बिनपगारी. तो थकला होता. २०२१ च्या सुमारास टोपणनावाचा एक माणूस आला आणि चांगले पॅच देऊ लागला. दुसरीकडे काही अनोळखी नावांनी पत्रे येऊ लागली की, काम फार मंद चालले आहे, दुसऱ्याला जबाबदारी द्या. हळूहळू त्या नव्या माणसाला अधिकार मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील दोन आवृत्त्यांत त्याने एक चोरदरवाजा लपवून ठेवला. त्यातून परक्या मशिनमध्ये शिरता आले असते. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या मशिनवर प्रवेश घेताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढेच जाणवले. तो त्याच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने प्रकार उघडकीस आणला. ते साधन सगळीकडे पसरण्याआधी हे कळले, म्हणून जग वाचले.

आता सांगा, चांगला वाटणारा पॅचसुद्धा राखणदाराने उलटसुलट करून का पाहू नये? अनोळखी माणसाला चार प्रश्न का विचारू नयेत? प्रश्न विचारणे हा अपमान नाही. ती राखण आहे. आणि त्या गोष्टीचा दुसरा धडा असा की, राखणदार थकला की सगळेच उघडे पडते. एआयकडून लिहून घेतलेल्या, न तपासलेल्या तक्रारी आणि दुरुस्त्यांनी अलीकडे ही मंडळी हैराण झाली आहेत. कर्ल या प्रसिद्ध साधनाचे चालक डॅनियल स्टेनबर्ग यांनी तर त्याबद्दल वारंवार जाहीर तक्रार केली आहे. यंत्राची मदत घ्यावी, पण जे आपल्याला स्वतःला समजले नाही, ते आपल्या सहीने पाठवू नये.

मुलांना सांगण्यासारखे

१. पहिला पॅच लहान असावा. लिनक्समध्ये "स्टेजिंग" नावाचा कच्च्या कामाचा विभाग आहे. तेथे नवशिक्यांना करण्याजोगी कामे लिहून ठेवलेली असतात.

२. आधी महिनाभर इतरांचे पॅच आणि त्यांवरची चर्चा वाचावी. सगळी चर्चा उघड असते. फुकटची शाळाच ती.

३. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. वर्णनात आधी अडचण, मग उपाय, मग तपासणी.

४. दुसऱ्याचा पॅच आपल्या मशिनवर तपासून तसे कळवणे, हेसुद्धा मोठे काम आहे. तपासणाऱ्याचे नाव त्या बदलाखाली कायमचे नोंदले जाते. राखणदाराचे ओझे हलके करणाऱ्याचा स्वतःचा पॅच आला, की तो अनोळखी राहत नाही.

५. प्रोग्रॅमच्या ओळी लिहिणे हाच मार्ग नव्हे. माहितीपत्रकातील चुका काढणे, भाषांतर करणे हीसुद्धा कामे आहेत. फायरफॉक्स, लिब्रे ऑफिस ही साधने मराठीतून वापरता येतात, ती अशाच मंडळींच्या कष्टामुळे.

६. पत्र परत आले तर त्या दिवशी उत्तर लिहू नये. रात्र जाऊ द्यावी. सकाळी तेच पत्र पुन्हा वाचावे. बहुधा ते वेगळे वाटते.

ते तीन प्रश्न

आता आपल्या जुन्या सभासदांच्या नातवाकडे वळू. त्याला आलेल्या पत्रात पहिला प्रश्न होता, "दुरुस्तीबरोबर नावेही बदलली आहेत. ती वेगळी कराल का?" दुसरा, "ही चूक नेमकी कोणत्या वेळी होते?" आणि तिसरा, "हे कशावर तपासले?" एवढेच. पत्रात कोठेही "नको" हा शब्द नव्हता. गावाचा, देशाचा, जातीपातीचा उल्लेख नव्हता. शेवटची ओळ अशी होती की, हे बदलून पुन्हा पाठवा, मी बघतो.

आम्ही त्या सभासदांना म्हटले, "काका, हे नकाराचं पत्र नाही. तुमच्या नातवाचं काम कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय, याची ही पावती आहे. दोन पॅच वेगळे करायला सांगा, चार ओळींचं वर्णन लिहायला सांगा, आणि ‘आवृत्ती दोन’ म्हणून पाठवायला सांगा."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी खोंडाचे दात बघत्यात म्हणा की!"

"होय काका. आणि दात बघतो तोच घेणारा असतो."

त्यांनी फोन खिशात घातला, टोपी सारखी केली आणि नातवाला फोन लावतच ते बाहेर पडले.